शिफारसपत्रातला 'डिसइंटरेस्टेड': स्तुती की टोमणा?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नोकरी बदलताना त्यांनी जुन्या विभागप्रमुखांकडे शिफारसपत्र मागितलं आणि सरांनी ते इंग्रजीत लिहून दिलं. निधीवाटपाच्या समितीत ताईंनी दिलेल्या सल्ल्याचा त्यात उल्लेख आहे आणि त्या सल्ल्याला सरांनी 'डिसइंटरेस्टेड' असं विशेषण लावलं आहे. ताई लिहितात: "त्या समितीसाठी मी सुट्टीच्या दिवशीही फायली वाचत बसले. एकदा तर माझ्याच विभागाचा प्रस्ताव मागे ठेवा, दुसऱ्या विभागाची गरज मोठी आहे, असं मीच सांगितलं. आणि सर म्हणतात, मला रस नव्हता! मी रागाच्या भरात त्यांना तसं कळवलं. त्यांचं दोन शब्दांचं उत्तर आलं, 'शब्दकोश बघा.' बघितला, तर त्यात दोन्ही अर्थ दिले आहेत! मग चुकलं कोण? पत्र अजून पुढे पाठवलेलं नाही. शब्द बदलून मागू की माफी मागू?"

ताई,

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सरांनी तुमची स्तुती केली आहे, आणि ती तोंडदेखली नाही. माफी मागा. शब्दाबद्दलही बोला, पण तुमच्या मनात आहे त्या कारणासाठी नव्हे. दोन्ही एकाच निरोपात करता येईल.

या घोळाचं मूळ 'इंटरेस्ट' या शब्दात आहे. आपण बँकेत व्याज म्हणतो, गाण्यात रस म्हणतो आणि मालमत्तेत हितसंबंध म्हणतो. या तिघांची गल्लत मराठी माणूस झोपेतही करणार नाही. इंग्रजीने मात्र तिन्ही बिऱ्हाडं एकाच खोलीत ठेवली आहेत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मध्ये असणं'. त्यावरून 'संबंध असणं', 'फरक पडणं' हा अर्थ आला. इंग्रजीत हा शब्द शिरला तो कायद्याच्या दारातून, म्हणजे हक्क, हिस्सा, दावा या अर्थाने. मन रमणं, कुतूहल वाटणं हा अर्थ बराच नंतरचा. व्याजाची गोष्ट तर आणखी मजेची. मध्ययुगीन युरोपात चर्चने व्याज घेणं पाप ठरवलं होतं, पण कर्जदाराने मुदत चुकवली तर सावकाराच्या नुकसानीची भरपाई घ्यायला हरकत नव्हती. त्या भरपाईला लॅटिनमध्ये याच घराण्यातला शब्द होता. पाप तेच राहिलं, नाव सभ्य मिळालं. असो.

तर 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा हितसंबंध नाही, ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. पहिला शब्द मनाबद्दल बोलतो, दुसरा माणूस कुठे उभा आहे त्याबद्दल. हा फरक नीट दिसावा म्हणून तुम्हाला इंग्लंडमधल्या एका खटल्याची गोष्ट सांगते. गोष्ट जुनी आहे, पण कायद्याचे विद्यार्थी ती आजही शिकतात.

डाइम्स नावाचा एक जमीनमालक आणि ग्रँड जंक्शन कालवा कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू होता. प्रकरण लॉर्ड चान्सेलर, म्हणजे तिथल्या न्यायव्यवस्थेतले बडे न्यायाधीश, कॉटनहॅम यांच्यापुढे गेलं आणि त्यांनी कंपनीच्या बाजूने आधीच लागलेला निकाल कायम केला. पुढे उघड झालं, की या कॉटनहॅमसाहेबांकडे त्याच कंपनीचे हजारो पौंडांचे शेअर होते. १८५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांचा हुकूम रद्द केला. आता यातली खरी गंमत बघा. कॉटनहॅम यांच्या मनावर त्या शेअरांचा तिळभरही परिणाम झाला असेल असं कोणालाच वाटत नव्हतं, आणि रद्द करणाऱ्या न्यायाधीशांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. एवढंच नाही, खालच्या न्यायाधीशाचा कंपनीच्या बाजूचा मूळ निकाल त्यांनी गुणदोष तपासून योग्यच ठरवला. म्हणजे उत्तर बरोबर होतं, मन स्वच्छ होतं, आणि तरीही हुकूम टिकला नाही. कारण माणूस 'डिसइंटरेस्टेड' नव्हता.

म्हणूनच 'निःपक्षपाती' हा 'डिसइंटरेस्टेड'चा अगदी जवळचा शेजारी असला, तरी जुळा भाऊ नाही. निःपक्षपातीपणा मनात असतो आणि मन कोणी उघडून बघू शकत नाही. हितसंबंध मात्र कागदावर सापडतो. शेअर आहेत की नाहीत, नातं आहे की नाही, वाटा मिळणार आहे की नाही, हे तपासता येतं. कायद्याला हा शब्द इतका प्रिय आहे तो यामुळेच. इंग्लंडमध्ये एके काळी खटल्याच्या निकालात ज्याचा काही लाभ असेल त्याची साक्षच घेत नसत. १८४३ च्या कायद्याने ही बंदी उठवायला सुरुवात झाली. तिथल्याच १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यात अजूनही असं आहे, की साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळणार असेल, तर सही धरली जाते पण मिळकत हातची जाते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यातही, एखाद्या संचालकाचा स्वतःचा लाभ असलेला व्यवहार मंजूर करताना 'डिसइंटरेस्टेड' संचालकांची मतं वेगळी मोजली जातात. तिथे कोणी त्या संचालकांना बैठकीत जांभया देत बसायला सांगत नाही. उलट डोळ्यांत तेल घालून कागद वाचा, अशीच अपेक्षा असते.

दोन्ही गुण एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते उलट बाजूनेही बघता येईल. सुनावणीत पेंगणारा, पण वादग्रस्त कंपनीचे शेअर बाळगून असलेला न्यायाधीश कल्पून बघा. त्याला रस नाही, हितसंबंध मात्र आहे. आणि तुम्ही? सुट्टीच्या दिवशी फायली वाचणाऱ्या. रस भरपूर, स्वार्थ नाही. एकाला एक विशेषण लागू, दुसऱ्याला दुसरं, आणि अदलाबदल केली तर दोघांवरही अन्याय.

सौंदर्यशास्त्रात तर याहून टोकाचं उदाहरण आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये असं मांडलं, की सुंदर वस्तू पाहताना होणारा शुद्ध आनंद हा असा 'डिसइंटरेस्टेड' आनंद असतो. वस्तू आपल्या मालकीची व्हावी, उपयोगी पडावी, अशी कसलीही अपेक्षा त्यात नसते. चित्रासमोर भान हरपून उभ्या राहिलेल्या माणसाला 'रस नसलेला' म्हणून बघा बरं!

आता तुमच्या शब्दकोशाकडे येऊ. त्यात दोन्ही अर्थ आहेत हे खरं, आणि त्याचं कारण कोशकारांची ढिलाई नाही. या दोन शब्दांनी इतिहासात चक्क घरं बदलली आहेत. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डन या कवीच्या लेखनात 'डिसइंटरेस्टेड' सापडतो, तो 'रस नसलेला' याच अर्थाने. त्याच शतकात 'अनइंटरेस्टेड' हा शब्द आला, तो 'निःपक्षपाती' या अर्थाने! म्हणजे आज ज्याला चूक म्हणतात तीच मुळात जुनी रीत. १८ व्या शतकात दोघांनी जागा बदलल्या. 'अनइंटरेस्टेड'ने कंटाळा उचलला, 'डिसइंटरेस्टेड'कडे निःस्वार्थीपणा आला, आणि सुशिक्षित लेखनात हीच वाटणी रूढ झाली. मग २० व्या शतकात 'डिसइंटरेस्टेड'चा जुना अर्थ पुन्हा डोकं वर काढू लागला, आणि आज बोलण्यात, बातम्यांत, कचेऱ्यांतल्या मेलमध्ये तो सर्रास दिसतो. लोक काय लिहितात ते कोशकार नोंदवतात. म्हणून दोन्ही अर्थ. बऱ्याच कोशांत 'रस नसलेला' या अर्थाशेजारी एक टीपही असते, की अनेकांना हा वापर चुकीचा वाटतो. तुमच्या रागाच्या भरात ती टीप नजरेतून सुटली असणार.

तेव्हा 'चुकलं कोण' याचं उत्तर असं: शब्दाचा अर्थ तुम्ही मनाने बनवलेला नाही, तो चलनात आहे. पण त्या वाक्यात तो बसत नाही. चूक अर्थात नाही, निवडीत आहे. आणि 'शब्दकोश बघा' हे उत्तर दुखावलेल्या माणसाला देण्यासारखं नव्हतं, एवढं सरांच्या पदरात टाकून पुढे जाते.

इंग्रजीला हसण्याआधी आपल्या अंगणातही डोकावून बघा. 'उदासीन' हा शब्द घ्या. आज कोणी म्हणालं, "तो कामाबद्दल उदासीन आहे," तर ती तक्रार असते. पण गीतेच्या बाराव्या अध्यायात देवाला प्रिय असलेल्या भक्ताचं वर्णन आहे, 'अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः'. ज्याला कसली अपेक्षा नाही असा, शुद्ध, दक्ष, उदासीन. 'दक्ष' आणि 'उदासीन' हे शब्द त्या ओळीत खेटून उभे आहेत! आजच्या मराठीत ही जोडी शक्यच नाही. संस्कृतात उदासीन म्हणजे बाजूला, वेगळा बसलेला. दोन पक्षांच्या ओढाताणीत न सापडलेला. कौटिल्याच्या राजमंडळातही, म्हणजे राजांच्या मित्र-शत्रूंच्या मांडणीतही, 'उदासीन' राजा असतो, आणि तो हातपाय गाळून बसलेला राजा नाही. इतरांच्या भांडणापलीकडचा, चांगला बलाढ्य असा राजा आहे तो. संस्कृतातला तोल मराठीत येता येता आधी बेफिकिरीकडे आणि मग खिन्नतेकडे झुकला. "मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही" या वाक्याचंही तेच. शब्दशः ते हिशेबाचं वाक्य आहे: माझं तिथे येणं नाही, देणंही नाही. पण आपण ते उच्चारतो ते 'मला पर्वा नाही' अशाच सुरात.

दोन दूरदूरच्या भाषांत अर्थ एकाच दिशेने घसरावा याचं मला फार नवल वाटत नाही. ज्यात आपला लाभ नाही त्यात कोणी मन घालेल, यावर माणसांचा विश्वास सहसा बसत नाही. फायदा नाही म्हणजे आस्था नाही, असं आपण धरूनच चालतो. तुम्हीही सरांचा शब्द वाचताना तेच धरलंत, आणि तेही स्वतःच्याच बाबतीत, जिथे खरं काय ते तुम्हाला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

पुढे कधी हा शब्द समोर आला तर अर्थ ओळखायचा कसा? एक खूण बऱ्यापैकी भरवशाची आहे. 'डिसइंटरेस्टेड' नामाच्या आधी लागून आला असेल, म्हणजे सल्ला, साक्षीदार, निरीक्षक, पंच, मित्र अशा शब्दांना चिकटून, तर अर्थ जवळजवळ नेहमीच निःस्वार्थी किंवा तटस्थ. त्याच्यामागून 'इन' आला, म्हणजे अमुक गोष्टी'त' डिसइंटरेस्टेड असं असेल, तर लिहिणाऱ्याला बहुधा 'रस नसलेला' म्हणायचं असतं. तुमच्या पत्रात तो 'सल्ला' या नामाच्या आधी आहे. शंकेला जागाच नाही. नामरूपांतही फरक आहे: 'डिसइंटरेस्ट' आज बहुतेक ठिकाणी अनास्थाच सांगतो, तर 'डिसइंटरेस्टेडनेस' हे लांबलचक रूप निःस्वार्थीपणासाठीच वापरलं जातं.

'डिस' आणि 'अन' या उपसर्गांवरून लक्षात ठेवायची एक युक्ती शिकवणीच्या वर्गांत सांगतात, की 'डिस' म्हणजे काढून घेतलेलं आणि 'अन' म्हणजे मुळातच नसलेलं. तिच्या नादी लागू नका. 'डिसऑनेस्ट' माणसाचा प्रामाणिकपणा कोणी काढून घेतलेला नसतो, आणि 'अनटाय' करताना गाठ मुळात असतेच.

स्वतः लिहिताना मात्र मी एक पथ्य पाळते, तुम्हीही पाळा. कंटाळा म्हणायचा असेल तर 'अनइंटरेस्टेड'. तो कोणालाच खटकत नाही आणि त्याचा दुसरा अर्थ आता कोणी काढत नाही. 'डिसइंटरेस्टेड' वापरायचा तो वाचणारा जाणता असेल तिथेच. हा शब्द टिकावा असं मला मनापासून वाटतं, कारण कॉटनहॅम यांच्यात जे नव्हतं ते सांगायला इंग्रजीत त्याच्याइतका नेमका दुसरा एकेरी शब्द मला सापडत नाही. पण शब्द टिकवण्याची मोहीम दुसऱ्याच्या नोकरीच्या अर्जावर चालवू नये.

तुमच्या शिफारसपत्राची अडचण नेमकी इथे आहे. ते वाचणारा माणूस घाईत असेल. समोर पत्रांचा गठ्ठा असेल. त्याचं इंग्रजी सरांच्या पठडीतलं असेलच असं नाही. तुमच्यासारखी त्या समितीत बसलेली, शब्द न् शब्द वाचणारी व्यक्ती जिथे फसली, तिथे परका माणूस फसायला कितीसा वेळ? म्हणून बदल मागणं योग्यच आहे. सरांचा शब्द चुकीचा आहे म्हणून नाही, वाचणाऱ्याचा भरवसा नाही म्हणून.

पण बदलून काय घालायचं? 'इम्पार्शियल' म्हणजे निःपक्षपाती हा सरळ पर्याय. चालेल. तरी मला तो तुमच्या बाबतीत थोडा तोकडा वाटतो. कायद्याच्या काटेकोर कसोटीला लावलं तर त्या दिवशी तुम्ही 'डिसइंटरेस्टेड' नव्हताच! तुमच्याच विभागाचा प्रस्ताव टेबलावर होता, म्हणजे हितसंबंध होता. कॉटनहॅम यांच्यासारख्याच जागी तुम्ही होतात. पण या शब्दाला दुसरी, नैतिक छटाही आहे: स्वार्थ समोर असतानाही त्याला मध्ये येऊ न देणारा. सरांना ती म्हणायची असणार, कारण ते त्या बैठकीत होते आणि तुम्ही काय सोडलंत ते त्यांनी बघितलं होतं. 'इम्पार्शियल' म्हटलं की ते सोडणं दिसेनासं होतं. तिऱ्हाईत माणूसही निःपक्षपाती असू शकतो, त्याला काही सोडावं लागत नाही.

म्हणून विशेषणाऐवजी घटना मागा. आपल्याच विभागाचा प्रस्ताव मागे ठेवून दुसऱ्या विभागाच्या बाजूने त्यांनी मत दिलं, असं एक साधं वाक्य. हे कोणत्याही इंग्रजी वाचणाऱ्याला कळेल, त्याचे दोन अर्थ होणार नाहीत, आणि शिफारसपत्रात विशेषणांपेक्षा अशी वाक्यंच लक्षात राहतात. त्याच्या जोडीला 'डिसइंटरेस्टेड' राहिला तरी हरकत नाही, कारण अर्थ शेजारचं वाक्यच सांगेल.

सरांना असं काहीसं लिहा:

"सर, शब्दकोश बघितला, आणि या वेळी शांतपणे बघितला. तुमचा शब्द मी उलटा वाचला आणि वर तुम्हालाच सुनावलं, त्याबद्दल माफ करा. तुम्ही त्या बैठकीची आठवण ठेवलीत हे वाचून बरं वाटलं. एक विनंती आहे. पत्र वाचणाऱ्यांचाही माझ्यासारखाच गोंधळ होऊ शकेल. त्या दिवशी आमच्या विभागाचा प्रस्ताव मागे ठेवण्याबद्दल मी जे बोलले होते, ते एका वाक्यात घालता येईल का? विशेषण ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

'पण', 'तरीही', 'माझा तसा हेतू नव्हता' यातलं काही जोडू नका. कोशात दोन्ही अर्थ आहेत हेही आता सांगू नका; ते सरांना ठाऊक आहे.

आणि सरांनी बदल करायला नकार दिला तर? मग पत्र आहे तसं पाठवा आणि सोबतच्या तुमच्या अर्जात त्या प्रस्तावाची हकिकत स्वतःच दोन ओळींत लिहा. मुलाखतीत कोणी तो शब्द उचलून "तुम्हाला त्या कामात रस नव्हता का?" असं विचारलंच, तर व्याकरण शिकवायला बसू नका. "माझ्या विभागाला त्यातून काही मिळणार नव्हतं, तरी मी ते मत दिलं, सरांना तेच म्हणायचं आहे," एवढं सांगा आणि त्यांना पुढचा प्रश्न विचारू द्या.